निरोगी मुलांची यादी

कोलकात्यात आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. नवरा बँकेत. बदली झाली आणि बालीगंजला बँकेचा फ्लॅट मिळाला. शाळेत, जिन्यात, खालच्या बागेत सगळीकडे बंगाली कानावर पडून दोन-तीन वर्षांत तिचं मराठी त्याच वळणावर गेलं. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. "आई, मला पाणी खायचंय," म्हणत ती सारखी स्वयंपाकघरात यायची आणि आम्ही हसायचो. पुण्याला फोन लावून आजी-आजोबांनाही हसवायचो. ती किती वेळा पाणी मागते याकडे मात्र आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

माझं तरी जायला हवं होतं. माझं कामच ते होतं.

लग्नाआधी मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते. मुलीची शाळा पूर्ण वेळ सुरू झाल्यावर इथल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात, किडनीच्या विभागात, मला काम मिळालं. तिथल्या प्रमुख डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. अंगाने बारीक, कायम सुती साडी, आवाज इतका हळू की रडणारं मूलसुद्धा ऐकण्यासाठी गप्प व्हायचं. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "मॅडम नको म्हणूस. दीदी म्हण." आम्ही हिंदीत बोलायचो. मध्येच त्यांचं बंगाली यायचं आणि मी माझ्या मोडक्या बंगालीत उत्तर द्यायचे.

दीदींनी मला जे समजावलं तेच मी पुढे कितीतरी आयांना समजावलं. मुलांची किडनी गुपचूप बिघडते. बहुतेक वेळा काही दुखत नाही, खुपत नाही. आपण रक्तातलं क्रिएटिनिन बघतो, पण ते तयार होतं स्नायूंमधून. मूल हडकुळं असलं की स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असलं तरी कागदावर 'नॉर्मल' छापून येऊ शकतं. म्हणून दुसऱ्या खुणा शोधायच्या. रक्तात सिस्टॅटिन सी नावाचं एक प्रथिन असतं, त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नाही. किडनीच्या पेशींना इजा झाली की लघवीत उतरणारी आणखी काही प्रथिनं असतात. या खुणा लहान मुलांत कितपत भरवशाच्या, हे तपासण्याचा दीदींचा प्रकल्प होता.

"माझ्याकडे मुलं येतात तेव्हा उशीर झालेला असतो," त्या म्हणायच्या. "मला ती आधी हवीत."

हे वाक्य त्या मनापासून म्हणायच्या. अजूनही मला त्याबद्दल शंका नाही.

आजारी मुलांशी ताडून बघायला निरोगी मुलंही लागतात. हात मोडला म्हणून आलेली, दाताच्या डॉक्टरांकडे आलेली, कर्मचाऱ्यांची. त्यांच्या आईवडिलांना संमतिपत्र वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. हिंदी बोलणारी कुटुंबं माझ्याकडे असायची. त्या कागदावर एक ओळ होती: नमुन्यावर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल आणि तपासणीचे वैयक्तिक निकाल कळवले जाणार नाहीत. कुणी विचारलंच, "म्हणजे रिपोर्ट मिळणार नाही?" तर मी ठरलेलं उत्तर द्यायचे. "हे उपचारासाठी नाही हो, अभ्यासासाठी आहे. तुमचं मूल तर चांगलंच आहे."

निरोगी मुलं कमी पडायला लागली तेव्हा मीच म्हणाले, "दीदी, माझी घ्या ना."

एका शनिवारी मुलीला घेऊन गेले. रक्त दीदींनी स्वतः काढलं आणि टोचलेल्या जागेवरच्या पट्टीवर पेनाने मासा काढून दिला. मुलीने तो मासा दोन दिवस जपला. नळीवर क्रमांकाची चिठ्ठी मी लावली. सतरा. संमतिपत्रावर आईच्या जागी सही केली. वाचलं नाही. मला ते पाठ होतं.

होळीला दीदी आमच्याकडे पुरणपोळी खायला आल्या. मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती; त्यांना ती दीदीमाशी, म्हणजे दीदीमावशी, म्हणायची. त्यांनी तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला, गुदगुल्या करतात तसा. मग आपल्या 'सोन्या'सारखं बंगाली 'शोना' म्हणत हसत विचारलं, "शोना, शाळेत बाथरूमला सारखी जातेस का ग?" मुलगी म्हणाली, "हो, मिस ओरडते." दीदींनी तिचे केस नीट केले आणि विषय बदलला. पावसाळ्यात मुलीला ताप आला तेव्हा मी त्यांना फोन करून घरात असलेल्या दोन सिरपांची नावं सांगितली. "पॅरासिटामॉलच दे," त्या म्हणाल्या. "ते दुसरं अजिबात नको. घरात ठेवूच नकोस." असं हक्काने सांगणारं या शहरात आमचं कुणीतरी आहे याचं मला बरं वाटलं. सिरपची बाटली मी लगेच टाकून दिली.

दुर्गापूजेच्या सुट्टीआधी विभागात घाई चालली होती. दीदींना एका परिषदेत काम मांडायचं होतं आणि तक्ते नीट लावायला त्यांनी मला बसवलं होतं. निरोगी मुलांची यादी मी वरून खाली बघत गेले. पंधरा, सोळा, अठरा.

मला वाटलं, टाइप करताना राहिला. पुढे एकोणतिसाव्या क्रमांकाचीही ओळ नव्हती. मूळ कागदांची फाइल कपाटात असायची, ती काढली. सतरा क्रमांकाचे दोन कागद होते. पहिल्यावर सिस्टॅटिन सी वाढलेलं, लघवीतली प्रथिनं वाढलेली, त्यात साधं अल्ब्युमिनही. क्रिएटिनिन नॉर्मल. दुसरा कागद त्याच नमुन्याच्या फेरतपासणीचा. आकडे जवळजवळ तेच. खाली दीदींच्या बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा तेच. वगळा.' तारीख होळीच्या आदल्या आठवड्यातली होती.

म्हणजे त्या आमच्या घरी पुरणपोळी खायला आल्या तेव्हा त्यांना माहीत होतं.

सात महिने. मी रोज दुपारी त्यांच्यासमोर डबा उघडत होते.

फाइल घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी फाइल बघितली, मग मला बघितलं आणि दार लावायला सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं हा कुणाचा नमुना आहे?" मी विचारलं.

"क्रमांक म्हणजे क्रमांक. मी नाव बघितलं नाही."

"रक्त तुम्ही काढलंत. चिठ्ठी मी तुमच्यासमोर लावली. होळीला तिचा पाय दाबून बघितलात. ते दुसरं सिरप घरात ठेवू नकोस म्हणालात, कारण त्याने किडनीला त्रास होतो. मी मूर्ख, मला वाटलं माया आहे."

"माया होतीच," त्या म्हणाल्या.

त्यांनी फाइल बंद केली. मग डॉक्टर बोलतात तसं बोलायला लागल्या. आधी वाटलं नमुना बिघडला असेल, म्हणून फेरतपासणी केली. या खुणा अजून सिद्ध झालेल्या नाहीत. सिद्ध न झालेल्या आकड्यावर एका आईला कसं घाबरवायचं?

"सिस्टॅटिनचं सोडा," मी म्हणाले. "लघवीतलं अल्ब्युमिन? ती तर जुनी, साधी तपासणी आहे. कुठलाही डॉक्टर त्यावर मुलाला बोलावून घेतो. तुम्हीच शिकवलंत मला."

"संमतिपत्रात लिहिलंय, निकाल कळवायचे नाहीत. तुला सांगितलं असतं तर सगळ्यांनाच सांगावं लागलं असतं. मग परवानग्या, चौकशा. काम सहा महिने थांबलं असतं."

"सगळ्यांना म्हणजे किती जणांना?"

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "दोन."

मी त्या दिवशी त्यांना 'मॅडम, मी निघते' म्हणाले. तोंडातून आपसूकच मॅडम आलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तू तिथेच काम करतेस. रोज हेच करतेस. तुला घरात दिसलं नाही?" मी म्हणाले, "तुला दिसलं?" तो उठून गॅलरीत गेला. आम्ही दोघंही खरं बोललो होतो, आणि ते भांडण कधी मिटलं असं मला सांगता येणार नाही. ते नुसतं मागे पडलं.

दुसऱ्या हॉस्पिटलात सगळं पहिल्यापासून तपासलं. सकाळची पहिली लघवी, रक्त, सोनोग्राफी, मग किडनीचा स्कॅन. उजवी किडनी लहान होती आणि तिच्यावर व्रण होते. डावीवरही एक. रक्तदाब तिच्या वयाला जास्त होता, आणि इतक्या वर्षांत तो कुणी मोजलाच नव्हता. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की जन्मापासून मूत्राशयातली लघवी थोडी थोडी उलटी वर जात असणार आणि त्यातून व्रण झाले असणार. "लहानपणी ताप यायचा का, कारण न सापडणारा?" त्यांनी विचारलं. आला होता, पुण्यात, दोनदा. एकदा लघवीत संसर्ग निघाला, औषध दिलं, ताप उतरला, आणि आम्ही तो विसरून गेलो.

"सात महिने आधी कळलं असतं तर?" नवऱ्याने विचारलं.

"गोळी सात महिने आधी सुरू झाली असती," डॉक्टर म्हणाले. "त्यात नेमकं किती गेलं, हे कुणीच सांगू शकणार नाही."

हे उत्तर पचवणं सगळ्यात जड गेलं. पुष्कळ गेलं म्हणाले असते तर मी एका माणसाचा मनसोक्त द्वेष केला असता. काही नाही गेलं म्हणाले असते तर कदाचित माफही केलं असतं.

मुलीची गोळी सुरू झाली. रक्तदाब उतरवणारी आणि लघवीतून प्रथिन जाणं कमी करणारी. डब्यातलं लोणचं आणि वेफर्स बंद झाले. तिने एकदाच विचारलं, "मी आजारी आहे का?" मी म्हणाले, "तुझ्या किडनीकडे लक्ष ठेवायचंय." ती म्हणाली, "दीदीमाशी ठेवेल." मी गोळीचं पाकीट डब्यात ठेवलं.

या सगळ्यात तीन आठवडे गेले. एकोणतीस क्रमांक मी विसरले नव्हते, पण आधी आपलं बघू, असं मनात होतं, हे कबूल करते. नावांचं रजिस्टर माझ्याच ताब्यात होतं. उघडलं तर ती मुलगी मला लगेच आठवली. हावड्याची, अकरा वर्षांची, हात मोडून आलेली. वडील लेथवर काम करणारे, मूळचे बिहारचे. तिच्या आईनेच विचारलं होतं, रिपोर्ट मिळणार का. आणि मीच हसून सांगितलं होतं, तुमची मुलगी तर चांगलीच आहे.

मी मॅडमना जाऊन म्हणाले, "एकोणतीसच्या घरी कळवा."

"हॉस्पिटलच्या नीतिसमितीला पत्र लिहिते," त्या म्हणाल्या. "परवानगी आली की बोलावू."

"कधी येईल?"

"दिवाळीनंतर बैठक आहे."

मी थांबले नाही. नियमाने मला तसं करता येत नव्हतं, हे मला पूर्ण माहीत होतं. दुसऱ्या दिवशी लाँचने हुगळी ओलांडून पलीकडे गेले. विचारत विचारत घर सापडायला तास लागला. एका कारखान्याच्या मागे, लोखंडाच्या किसाचा वास असलेल्या गल्लीत एक खोली होती. आई दारात बसून भाजी निवडत होती. तिने मला ओळखलं.

"तुम्हीच ना कागद वाचून दाखवणाऱ्या?"

मी आत जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. लघवीत काय निघालं, कधी निघालं, ते का कळवलं नाही. मुलीची लगेच तपासणी करायला हवी. ती ऐकत राहिली. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली सूज होती. आई म्हणाली, "सकाळी जास्त असते. आम्हाला वाटलं झोपेने."

मग तिने विचारलं, "तुम्हाला हे आज कसं आठवलं?"

मी माझ्या मुलीचं सांगितलं. सांगताना वाटलं, आता आपण दोघी एकाच नावेत, ती मला जवळ घेईल. असं काही झालं नाही. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"तुमच्या मुलीचं निघालं नसतं तर तुम्ही आला असता?"

मी खरं तेच सांगितलं. नसते आले. मला कळलंच नसतं, कारण यादीतून माझ्या मुलीऐवजी दुसरा कुठलाही क्रमांक गळलेला असता तर मी फाइल उघडलीच नसती. तुमचा क्रमांक एकटाच वगळलेला असता तर मी टाइप करायचं राहिलं असं समजून पुढे गेले असते.

तिने मान हलवली, जणू तिला तेवढंच ऐकायचं होतं. निघताना ती म्हणाली, "उद्या आमच्याबरोबर चला. जो रिपोर्ट येईल तो वाचून दाखवा. पूर्ण."

मी गेले. त्यानंतरही बऱ्याचदा गेले. सरकारी हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही तासन्‌तास शेजारी बसलो. तिच्या मुलीचं माझ्या मुलीपेक्षा जास्त पुढे गेलेलं निघालं. बायोप्सी झाली, औषधं सुरू झाली, सूज उतरली. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. ती आई माझ्याशी गोड बोलली असं कधी झालं नाही. मी उशिरा पोचले तर मात्र बाकावर पिशवी ठेवून जागा धरून ठेवायची.

मी समितीकडे लेखी तक्रार केली. दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की मी गोपनीयता मोडली, त्यामुळे मला कामावर ठेवता येणार नाही. दुसरं काही महिन्यांनी आलं. यापुढे नेहमीच्या तपासणीत काही गैर आढळलं तर पालकांना कळवण्यात येईल, अशी ओळ संमतिपत्रात घालण्यात आली आहे. त्या पत्रात मॅडमचा उल्लेख नव्हता, आम्हा दोन्ही कुटुंबांचाही नाही. त्या अजून तिथेच आहेत. चांगल्या डॉक्टर आहेत. लांबलांबून मुलं येतात त्यांच्याकडे आणि बरी होतात. कुणी माझ्यासमोर त्यांची स्तुती केली तर मी ऐकून घेते.

याला आता तीन वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची आहे. सिस्टॅटिन सी फारसं वाढलेलं नाही, अल्ब्युमिन खूप कमी झालंय, रक्तदाब ताब्यात आहे. पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारायचं सोडलंय. बँकेने मागच्या वर्षी पुण्याची बदली देऊ केली. तिचे डॉक्टर इथे आहेत म्हणून आम्ही ती पुढे ढकलली.

या हिवाळ्यात एका दुपारी मॅडमचा फोन आला. मी नंबर पुसून टाकला होता, पण आकडे ओळखीचे होते. मी उचलला.

"शोना कशी आहे?" त्यांनी विचारलं. आवाज तसाच हळू.

"बरी आहे," एवढंच म्हणून मी ठेवणार होते. ठेवला नाही. तिचे शेवटचे आकडे सांगितले, गोळीची मात्रा सांगितली, पोटॅशियम एकदा वाढलं होतं ते सांगितलं. त्या नेमके प्रश्न विचारत गेल्या आणि मी उत्तरं देत गेले. दहा मिनिटं तरी आम्ही बोलत होतो. हे सगळं मला कुणालाही फोड करून सांगावं लागतं, नवऱ्यालासुद्धा. त्यांना मात्र अर्ध्या वाक्यात कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी तेव्हा घाबरले होते. तुला नाही, कामाचं काय होईल त्याला."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. त्यांचा राग येत होताच, पण आपण इतकं भरभरून बोललो याचा जास्त येत होता. संध्याकाळी नवरा आला, त्याने विचारलं, आज काय विशेष. मी म्हणाले, "काही नाही."